दार उघडे, उंबरठा उंच

1994 सालची गोष्ट आहे. तालुक्याच्या एका गावी शाखा व्यवस्थापक म्हणून माझी नुकतीच बदली झाली होती. बाजाराचा दिवस होता आणि कॅश काउंटरसमोर रांग लागली होती. तेवढ्यात गावातील शाळेत संगीत शिकविणारे एक दृष्टिहीन गुरुजी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या केबिनमध्ये आले. त्यांचा पगार आमच्याच शाखेत जमा होत असे. त्यांना चेकबुक हवे होते. घरभाडे, मुलीच्या कॉलेजची फी, वाण्याचे बिल, अशा प्रत्येक कारणासाठी त्यांना स्वतः बँकेत यावे लागे आणि त्यांना आणण्यासाठी घरातील कोणाला तरी आपला रोजगार बुडवावा लागे.

मी त्यांना बसावयास सांगितले, चहा मागविला आणि अतिशय नम्रपणे नकार दिला. दृष्टिहीन खातेदाराला चेकबुक द्यावयाचे नाही, त्याने स्वतः येऊन साक्षीदारासमक्ष पैसे काढावयाचे, असा प्रघात होता. तो मी त्यांना समजावून सांगितला. "गुरुजी, हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे," असेही मी म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "साहेब, मी फसेन ही भीती तुम्हाला आहे, की मी फसलो तर तुम्हाला जाब विचारला जाईल ही?"

मी काही तरी उत्तर दिले असेल. ते आज आठवत नाही. प्रश्न मात्र तीस वर्षांनंतरही जसाच्या तसा आठवतो. पस्तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत नोकरी केल्यावर आणि निवृत्तीनंतर काही संस्थांच्या कारभारात लक्ष घातल्यावर, संस्थांमधील सर्वसमावेशकतेविषयी जे काही मला उमगले आहे, त्याची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

ओळख देणारा

संस्था कोणालाही उघडपणे 'तुम्ही येऊ नका' असे सहसा म्हणत नाहीत. बँकेच्या दारावर तशी पाटी कधीच नव्हती. तरीही कित्येक दशके देशातील फार मोठा वर्ग बँकेबाहेर राहिला. त्याची कारणे अनेक होती. पण त्यांतील एक कारण अगदी साध्या दिसणाऱ्या रकान्यात दडलेले होते. आपल्यापैकी ज्येष्ठ वाचकांना तो आठवत असेल. खाते उघडण्याच्या अर्जावर 'ओळख देणाऱ्याची सही' असा एक रकाना असे. ज्याचे आधीपासून त्या शाखेत खाते आहे अशा व्यक्तीने नव्या माणसाची ओळख द्यावयाची.

आपल्या व्यापारी घरांना ह्या रकान्याची अडचण कधी जाणवली नाही. वडिलांचे खाते होते, शेजारच्या दुकानदाराचे होते, व्याह्यांचे होते. सही मागावयाचा अवकाश, ती मिळत असे. पण गावाबाहेरच्या पालावर राहणाऱ्या मजुराने, परप्रांतातून आलेल्या सुताराने किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईने ओळख कोणाची आणावी? त्यांच्या ओळखीच्या माणसांपैकी कोणाचेच बँकेत खाते नव्हते. म्हणजे जे आत होते त्यांच्याच ओळखीने आत येता येत असे आणि जे बाहेर होते त्यांची ओळख बाहेरच्यांशीच होती. नियम करणाऱ्याच्या मनात कोणाविषयी आकस नव्हता. फसवणूक टाळावी एवढाच त्याचा हेतू होता. परिणाम मात्र व्हावयाचा तोच झाला.

हा अडसर दूर होण्यास बराच काळ लागला. 2005 साली रिझर्व्ह बँकेने छोट्या खात्यांसाठी ओळखीच्या कागदपत्रांचे नियम सैल केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अत्यल्प किंवा शून्य शिलकीची साधी खाती उघडण्याचा सल्ला बँकांना दिला. पुढे 28 ऑगस्ट 2014 रोजी जनधन योजना सुरू झाली. आज ह्या योजनेतील खात्यांची संख्या 50 कोटींहून अधिक आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक खाती महिलांची आहेत. माणसे तीच होती आणि त्यांच्या गरजाही त्याच होत्या. बदलली ती आत येण्याची अट.

येथे बँकेतील माणूस म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ओळख आणि पडताळणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार किंवा मतदार ओळखपत्र, राहण्याचा पत्ता आणि छायाचित्र तपासणे ही पडताळणी होय, आणि ती कोणाचीही करता येते. 'हा आपल्यातला आहे' असे कोणी तरी सांगणे ही ओळख होय, आणि ती फक्त आपल्यातल्यांनाच मिळते. माझ्या कारकिर्दीत जी मोठी कर्जे बुडालेली मी पाहिली, त्यांतील बहुतेकांच्या अर्जांवर गावातील अत्यंत प्रतिष्ठित माणसांच्या ओळखीच्या सह्या होत्या.

अंगठ्यापासून सहीपर्यंत

अहमदाबाद येथील 'सेवा' ह्या महिलांच्या संघटनेने 1974 साली स्वतःची सहकारी बँक काढली. इला भट्ट यांच्या नेतृत्वाखाली चार हजार महिलांनी प्रत्येकी 10 रुपये भागभांडवल घालून ती उभी केली. त्यांत भाजी विकणाऱ्या, चिंध्या गोळा करणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या स्त्रिया होत्या. निरक्षर महिला बँक कशी चालविणार, कागदावर सही कोण करणार, असा प्रश्न नोंदणीच्या वेळीच उभा राहिला. प्रवर्तक महिला सही करावयास शिकल्या. हजारो सभासदांच्या सहीच्या अडचणीवर मात्र बँकेने वेगळा उपाय शोधला. पासबुकावर खातेदार महिलेचे छायाचित्र लावावयाचे ठरले. सही जुळविण्याऐवजी चेहरा जुळवावयाचा. आज आपल्या सर्वांच्या पासबुकावर छायाचित्र असते आणि त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे आहे. माण तालुका कायम दुष्काळी. तेथील कष्टकरी महिलांना रोजच्या मजुरीतून दोन पैसे शिल्लक ठेवावयाचे होते; पण इतक्या लहान रकमेची खाती उघडण्यास बँका उत्सुक नव्हत्या. तेव्हा चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी आपलीच सहकारी बँक काढण्याचे ठरविले आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. प्रवर्तक महिलांपैकी अनेकजणी निरक्षर असल्यामुळे तो पहिल्यांदा नामंजूर झाला. महिलांनी गावात साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. एखाद्या रकमेचे व्याज सांगावयास लावा आणि आमच्याबरोबर तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय ते काढावयास सांगा, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ह्या प्रसंगाची मला नेहमी गंमत वाटते, कारण टेबलाच्या पलीकडच्या बाजूस मीही आयुष्यभर बसलो आहे. व्याजाचा हिशेब येतो की नाही, ही बँक चालविण्यासाठी पात्रता म्हणता येईल. अक्षरे गिरविता येतात की नाही, हा त्या पात्रतेचा पुरावा म्हणून आम्ही धरून बसलो होतो. पुराव्यालाच पात्रता समजण्याची ही चूक बँकांपुरती मर्यादित नाही. दुकानातील नोकरभरतीपासून संस्थेच्या विश्वस्तपदापर्यंत ती सर्वत्र होत असते.

पुढे माणदेशीने एक पाऊल आणखी टाकले. बँकेत येण्यासाठी अर्धा दिवस मोडला तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, हे ओळखून बँकेची माणसे बाजारात आणि वस्तीवर जाऊ लागली. आत घेतल्यावर माणसाला टिकता आले पाहिजे, हाही सर्वसमावेशकतेचाच भाग आहे.

कायद्याने कधीच अडविले नव्हते

आता पुन्हा त्या गुरुजींकडे येऊ. करार करण्यास कोण सक्षम आहे, हे 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 11 मध्ये सांगितले आहे. व्यक्ती सज्ञान असावी, शुद्ध बुद्धीची असावी आणि कोणत्याही कायद्याने अपात्र ठरविलेली नसावी. एम.कॉम.ला असताना हे कलम मी तोंडपाठ केले होते. त्यात डोळ्यांचा उल्लेख नाही. म्हणजे 1994 साली गुरुजींना चेकबुक नाकारताना कायदा माझ्या बाजूने नव्हता. माझ्या बाजूने फक्त वहिवाट होती.

हे अधिकृतपणे सांगणारे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने 4 जून 2008 रोजी काढले. दृष्टिहीन व्यक्ती करार करण्यास कायदेशीरदृष्ट्या सक्षम आहेत. त्यामुळे चेकबुक, एटीएम, लॉकर इत्यादी सुविधा त्यांना नाकारता येणार नाहीत, असे त्यात स्पष्ट केले होते. पुढच्या वर्षी नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश यंत्रे बोलकी व ब्रेल कळफलकाची असावीत, अशी सूचना आली आणि 1 जुलै 2014 पासून बसविण्यात येणारी सर्वच नवी यंत्रे तशी असावीत असे ठरले. 2020 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने मोबाइलच्या कॅमेऱ्याने नोट ओळखून तिचे मूल्य बोलून दाखविणारे 'मनी' हे ॲप आणले.

दरम्यान कायदाही व्यापक झाला. 1995 च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात 7 प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ती 21 झाली आणि शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागांचे प्रमाण 3 टक्क्यांवरून 4 टक्के झाले. आपल्या वाचकांसाठी विशेष सांगावयाचे ते असे की, ह्या कायद्यातील समान संधी धोरणाची अपेक्षा केवळ सरकारी कार्यालयांकडून नाही. ती खासगी आस्थापनांकडूनही आहे.

आमच्या शाखेत पुढे एक उतार बांधला गेला. तो चाकाच्या खुर्चीसाठी बांधला होता. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की, त्याचा सर्वाधिक उपयोग निवृत्तिवेतन घेण्यास येणारे वृद्ध, कडेवर मूल घेतलेल्या माता आणि गुडघे दुखणारे आमचेच हेड कॅशियर करीत होते. त्यांतील कोणीही तोपर्यंत पायऱ्यांची तक्रार केली नव्हती.

सहीपुरत्या संचालिका

स्त्रियांच्या बाबतीत संस्थांचा अनुभव थोडा निराळा आहे. येथे प्रवेश मिळतो. प्रश्न नंतर सुरू होतो. मी नोकरीस लागलो तेव्हा अधिकारी श्रेणीतील स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ज्या होत्या त्यांतील कित्येकजणी पदोन्नतीचा अर्जच करीत नसत, कारण पदोन्नती म्हणजे बदली आणि बदली म्हणजे संसाराची दोन ठिकाणी विभागणी. आम्ही पुरुष अधिकारी त्याला 'त्यांना महत्त्वाकांक्षा नाही' असे म्हणत असू. विभागीय कार्यालयातील आढावा बैठका संध्याकाळी सात वाजता ठेवल्या जात. काही ग्रामीण शाखांत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहही नव्हते. ह्या गोष्टींचा महत्त्वाकांक्षेशी काही संबंध असेल, असे आमच्या डोक्यात आले नाही.

ज्या भारतीय स्टेट बँकेची परंपरा 1806 पर्यंत मागे जाते, तिच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री आली ती 2013 साली. त्या अरुंधती भट्टाचार्य. मुलांच्या संगोपनासाठी किंवा घरातील आजारी-वृद्धांच्या सेवेसाठी महिला कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन पुन्हा कामावर येता यावे, अशी सोय त्यांच्या कारकिर्दीत त्या बँकेत झाली. स्त्रिया नोकरी कोणत्या टप्प्यावर आणि का सोडतात, हे स्वतः अनुभवलेली व्यक्ती निर्णयाच्या खुर्चीवर असली की असा नियम सुचतो. 2017 साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी, म्हणजे आपल्या अनेक पेढ्यांतही, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. किती पेढ्यांत ती आहे, हे प्रत्येकाने आपल्याच दुकानात विचारून पाहावे.

आता जे लिहितो आहे ते थोडे बोचेल. कर्ज विभागात काम करताना व्यापारी कुटुंबांच्या शेकडो कागदपत्रांवर मी सह्या घेतल्या आहेत. भागीदारीत पत्नी, कंपनीत सून, जामीनदार म्हणून आई. सही करताना त्या विचारीत, "कुठे करू?" पुरुष मंडळी बोटाने जागा दाखवीत. कशावर सही केली हे विचारणाऱ्या भगिनी माझ्या स्मरणात फार थोड्या आहेत. कागदोपत्री त्या निम्म्या धंद्याच्या मालकीण असत आणि कर्ज थकले की जप्तीची नोटीस त्यांच्याही नावाने निघे. तेव्हा प्रथमच त्यांना आपल्या मालकीची माहिती होई.

कायद्याने ह्या बाबतीत पुष्कळ अंतर कापले आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद झाली आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की, ह्या हक्कासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध आणि ठराविक आकाराच्या सार्वजनिक कंपन्यांत किमान एक महिला संचालक आवश्यक केली. पण खुर्ची देणे कायद्याच्या हाती आहे. त्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीस ताळेबंद वाचावयास देणे आपल्या हाती आहे.

एका स्वयंपाकघराची ताकद

संस्थेने सर्वांना सामावून घ्यावे म्हणजे नेमके काय करावे, ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर त्यांना आंघोळ करून आत येण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांतून वाचावयास मिळते. नकार देणारे आपलेच होते, ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये.

त्या काळी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांसाठी वेगवेगळी वसतिगृहे उभी करून शिक्षणाचे दार उघडले होते. 1902 साली त्यांनी आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्या काळात वेगवेगळी वसतिगृहे हीसुद्धा फार मोठी गोष्ट होती, कारण विविध जातींची मुले एका पंक्तीला बसत नव्हती. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

ह्या वसतिगृहात स्वयंपाकघर एक होते. भाकरी भाजणे, पाणी भरणे, शेतात राबणे ही कामे सर्वांनी मिळून करावयाची होती. फी भरता येत नाही म्हणून कोणी परत जाऊ नये यासाठी श्रमातून शिक्षण, म्हणजे 'कमवा आणि शिका', ही पद्धत होती. गरीब मुलाच्या वाटेत कोणकोणते अडथळे येतात ते एक एक करून पाहिले गेले. जातीचा अडथळा पंक्तीने, पैशाचा श्रमाने आणि अंतराचा वसतिगृहाने दूर केला. मुलांना खाऊ घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. आज रयत ही महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. भाऊरावांनी केवळ 'आमच्याकडे सर्वांना प्रवेश आहे' अशी पाटी लावली असती, तर हे घडले नसते.

आमच्याच अर्जावरचा रकाना

निवृत्तीनंतर एका शिष्यवृत्ती निधीचे काम माझ्याकडे आले. निधी दानशूर मंडळींनी उभा केलेला, हेतू उदात्त, आणि नियमात गरजू विद्यार्थी असे लिहिलेले. जातीची किंवा धर्माची अट नव्हती. तरीही दरवर्षी अर्ज येत ते त्याच दोन-तीन गल्ल्यांतून. बैठकीत आम्ही म्हणत असू, "बाहेरून कोणी अर्जच करीत नाही, आपण काय करणार?"

एकदा मी तो अर्ज बँकेच्या नजरेने वाचला. अर्ज कार्यालयातच मिळणार, सकाळी अकरा ते एक. म्हणजे पालकाचा रोज बुडणार. आणि शेवटचा रकाना होता, 'दोन विश्वस्तांची शिफारस'. तो वाचून मी थबकलो. ज्या 'ओळख देणाऱ्या'च्या रकान्याने लाखो माणसांना बँकेबाहेर ठेवले, तोच रकाना आम्ही येथे आपल्या हातांनी छापला होता. हातमाग कामगाराच्या मुलीने विश्वस्त कोठून शोधावा?

बैठकीत मी तो काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कडाडून विरोध केला. "हा लोकांचा पैसा आहे. ओळखीशिवाय द्यायचा आणि बुडाला तर समाजाला तोंड कोण दाखवणार?" त्यांची तळमळ खोटी नव्हती. तीन बैठका वाद चालला. माझ्या बोलण्यातही एकदा नको तितका तिखटपणा आला आणि त्याबद्दल मला त्यांची क्षमा मागावी लागली. शेवटी तोडगा त्यांनीच सुचविला. शिफारशीऐवजी शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रक घ्यावे. शंका वाटल्यास आपल्यापैकी दोघांनी घरी जाऊन यावे. अर्ज तालुक्यातील शाळांतूनच वाटावेत. म्हणजेच ओळखीच्या जागी पडताळणी.

पुढच्या जूनमध्ये आलेल्या अर्जांत अशा गावांची नावे होती, जी आम्ही त्या टेबलावर पूर्वी कधी वाचली नव्हती. घरभेटींना ते ज्येष्ठ सहकारीच सर्वाधिक वेळा गेले. एका घरून परतताना रिक्षात ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही मुलगी इतकी वर्षं इथेच राहत होती हो."

आपल्या दारात उभे राहून

2014 साली जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. संख्येने लहान असलेल्यांचा आवाज मोठ्या संस्थांतून कसा हरवतो, हे आपण जाणतो. मग आपल्या पेढ्या, पतसंस्था, शाळा, रुग्णालये आणि निधी यांच्या दारातून कोणाचा आवाज आत येत नाही, हे पाहण्याचे कर्तव्य आपल्यावर अधिक आहे.

त्यासाठी मोठ्या घोषणांची आवश्यकता नाही. वर्षातून एकदा, ज्या दिवशी आपण हिशेब तपासतो त्याच दिवशी, आपल्या संस्थेचे अर्ज आणि नियमही तपासावेत. नोकरीची जागा निघाली की ती कोणाला कळते. केवळ ओळखीतल्यांना की सर्वांना? बैठकीची वेळ कोणाला गैरसोयीची आहे? अर्जातील कोणती अट कामासाठी खरोखर आवश्यक आहे आणि कोणती केवळ पूर्वापार चालत आली आहे? निर्णयाच्या टेबलाभोवती एकाच वयाचे, एकाच गल्लीतले पुरुष तर नाहीत ना? ज्या भगिनींची नावे कागदावर आहेत, त्यांना गेल्या वर्षीचा ताळेबंद कोणी समजावून सांगितला आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, गेल्या वर्षभरात आपल्या दारातून कोण परत गेले?

ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळविणे सर्वांत कठीण असते. 2008 चे ते परिपत्रक आले तेव्हा मी विभागीय कार्यालयात होतो. वाचल्याबरोबर मी त्या जुन्या शाखेला फोन केला आणि गुरुजींच्या खात्याची चौकशी केली. तेथील अधिकाऱ्याने जुने लेजर काढून पाहिले. खाते 1996 सालीच बंद झाले होते. कारण काय लिहिले आहे, असे मी विचारले. 'खातेदाराच्या विनंतीवरून,' त्याने वाचून दाखविले.

आमच्या दप्तरी सर्व काही नियमानुसार होते. त्यांना कोणी नाकारले होते, ह्याची नोंद कोठेही नव्हती.